मॉण्टेसरींच्या घंटा आणि ध्वनीचे आद्यशिक्षण
मारिया मॉण्टेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये बालगृह उघडले. पुढे आन्ना माक्केरोनी यांच्या साहाय्याने सिद्ध झालेल्या त्यांच्या घंटा दिसण्यात सारख्या, स्वरांत मात्र भिन्न. डोळ्याचा आधार काढून कानास जागे करणे हा हेतू. त्यांची गणना केवळ संगीतशिक्षणात होते, हे अपुरे होय. वाजती घंटा स्पर्शाने मुकी होते. कंप थांबताच नाद थांबतो, हे बालकाच्या हातालाच उमगते. पण साधन महाग. १९४५ साली बोर्डीस ग्रामबालशिक्षणाचे कार्य आरंभणाऱ्या ताराबाई मोडक यांनी परदेशी साधनांऐवजी गावातील स्वस्त वस्तू पत्करल्या. कंपाचा प्रत्यय काशाच्या वाटीतही येतो. हरवतो तो दिसण्यातील सारखेपणा, आणि डोळा पुन्हा मध्ये येतो.