गेथसेमनीचे आकाश

पुणे-सातारा रस्त्यावरील कामथडी गावी मृगाच्या तोंडावरची संध्याकाळ ज्याने अनुभवली असेल, त्याला आकाश माणसाला कसे धास्तावते हे सांगावे लागत नाही. पश्चिमेकडून ढग चढत येतात, डोंगर दिसेनासे होतात, गुरे आपणहून गोठ्याकडे वळतात. पाऊस अजून पडलेला नसतो. भय मात्र आधीच येऊन पोहोचलेले असते. रेम्ब्रांट या डच चित्रकाराने अशीच एक घटका तळहातावर मावेल एवढ्या तांब्याच्या पत्र्यावर धरून ठेवली आहे. विषय आहे गेथसेमनी बागेतील प्रभू येशूची प्राणांतिक वेदना. जपमाळेचे पहिले दुःखाचे रहस्य म्हणून तो आपल्या घराघरांत परिचित आहे.

पूर्वीच्या चित्रकारांनी या प्रसंगी ढगावर प्याला घेऊन उभा असलेला देवदूत वारंवार काढला. रेम्ब्रांटचा देवदूत खाली उतरला आहे आणि त्याने प्रभूला सावरून धरले आहे. संत लूकने सांगितलेला धीर तो हातांनी देतो. प्रभूच्या मुखावर मात्र फारसा तपशील नाही. मग भीती आहे कुठे? ती आहे ढगांआड अडकलेल्या चंद्रात, मागच्या काळ्या बुरुजात, आकाश कापीत जाणाऱ्या तिरप्या रेघांत. शिष्य झोपलेले आहेत. जागी आहे ती फक्त सृष्टी.

या कामाची रीत समजली की चित्र अधिक कळते. पत्र्यावर मेणाचा थर देऊन सुईने रेघा ओढतात. तो आम्लात बुडवला की उघड्या पडलेल्या रेघा खाल्ल्या जातात. मग त्यांत शाई भरून ओल्या कागदावर छाप घेतात. रेम्ब्रांटने यावर आणखी कोरड्या सुईने थेट तांबे खरवडले. अशा रेघेच्या कडेला धातूची बारीक कोर उभी राहते, ती शाई धरून ठेवते आणि काळोख मखमलीसारखा दाट उमटतो. पण प्रत्येक छापागणिक ती कोर झिजते. म्हणजे हे भयाचे आकाश पहिल्या थोड्याच छापांत पूर्ण दिसते.

आता इतिहासाचा विचित्र योग पाहा. याच डचांनी १६३७ मध्ये वेंगुर्ल्याला वखार घातली होती. गोव्याच्या तोंडाशी त्यांची जहाजे नाकेबंदी करीत, आणि १६५६ पासून ती पुन्हा सुरू झाली. मांडवीकाठच्या ख्रिस्ती कुटुंबांना समुद्रात डच शिडे दिसणे हेच संकट होते. तिकडे ॲमस्टरडॅममध्ये त्याच राष्ट्रातला एक प्रॉटेस्टंट चित्रकार आपल्या प्रभूचे भय रेखाटीत होता. पुढे हिंदुस्थानातून आलेली मोगल चित्रेही त्याने उतरवून घेतली.

१६५६ मध्ये रेम्ब्रांटचे दिवाळे निघाले. त्या धास्तीतून हे चित्र जन्मले, असे म्हणण्याचा मोह होतो. मला तो आवरावासा वाटतो, कारण सहीखाली ‘१६५’ एवढेच आकडे आहेत; चौथा उमटलेलाच नाही. जाणकार साधारणपणे १६५२ च्या आसपासचा काळ धरतात.

चित्र पुन्हा पाहताना नजर दूरच्या वेशीकडे न्यावी. तिथे मुंगीएवढ्या काही आकृती आहेत. प्रथम त्या आकाशाच्याच रेघा वाटतात. मग लक्षात येते, की ते शिपाई आहेत आणि ते बागेकडेच निघाले आहेत.