जर्मनीत नोकरी : मालकाची जबाबदारी काय, आपण काय तपासायचे?

साखर कारखाना आणि इंजिनीअरिंग कंपनीभोवती वसलेल्या वालचंदनगर परिसरात वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन कमी नाहीत. आजवर आपली मुले आखातात जात होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीचे बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला, तेव्हापासून घरोघरी जर्मनीची चर्चा आहे. जुने विद्यार्थी आणि त्यांचे वालिद ऑफर लेटर घेऊन आमच्याकडे येतात. सही करण्याआधी काय पाहायचे, ते इथे एकत्र देत आहोत.

कागदपत्रे : कुशल कामगाराच्या व्हिसासाठी सहसा आयटीआयचे प्रमाणपत्र जर्मनीत मान्य करून घ्यावे लागते. जलद प्रक्रिया हवी असेल तर ती तिथला मालकच सुरू करतो. तिची सरकारी फी ४११ युरो आहे. पगार आणि कामाचे तास कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत लेखी देणे मालकाला बंधनकारक आहे.

पगार आणि वेळ : १ जानेवारी २०२६ पासून किमान वेतन ताशी १३.९० युरो आहे. दिवस आठ तासांचा. तो दहापर्यंत वाढवता येतो, पण सरासरी आठच राहिली पाहिजे. आठवड्यात पाच दिवस काम असेल तर वर्षाला किमान २० दिवस पगारी रजा मिळते. नोकरीला चार आठवडे झाल्यावर आजारी पडल्यास सहा आठवड्यांपर्यंत मालक पूर्ण पगार देतो.

विमा : पेन्शन, आरोग्य आणि बेरोजगारी विम्याचा हप्ता मालक व कामगार जवळपास निम्मा-निम्मा भरतात. पेन्शनचा हप्ता १८.६ टक्के, म्हणजे ३,००० युरो पगारावर ५५८ युरो. त्यातले २७९ आपल्या पगारातून कापले जातात. कामावरील अपघाताचा विमा मात्र पूर्णपणे मालकाच्या खर्चाने. शिवाय आयकरही कापला जातो. म्हणून एजंटने सांगितलेला आकडा कपातीआधीचा की हातात येणारा, हे आधी विचारा. तिथे चर्चचा करही असतो, पण तो आपल्याला लागू नाही. नाव नोंदणीच्या फॉर्मवर धर्माचा रकाना नीट भरा आणि पगाराच्या पावतीवर खात्री करा.

पासपोर्ट : मालकाने व्हिसा-परवान्याची प्रत ठेवायची असते, पासपोर्ट नाही. 'जमा करा' म्हटले तर नकार द्या.

नोकरी सुटली तर : कामावरून काढताना कागदावर सही केलेले पत्र लागते, व्हॉट्सअॅपचा मेसेज चालत नाही. मुदतीआधी नोकरी संपली तर मालक चार आठवड्यांत परदेशी नागरिक कार्यालयाला कळवतो. ही खबर आपणही लगेच द्यायची, नाहीतर परवाना अडचणीत येतो.

एजंट : आपल्या १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार भरती एजंटकडे परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी हवी. ती ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर तपासता येते. एजंटची फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी. पावती मागा. कोणी लाखात रक्कम सांगत असेल, तर अम्मीचे दागिने मोडू नका आणि शेत गहाण टाकू नका. आधी नोंदणी क्रमांक आणि मालकाचा करार हातात घ्या, जर्मन जाणणाऱ्याकडून तो वाचून घ्या, मगच पुढे बोला.