उपासनामंदिरांच्या नोंदवह्या

घराण्याचा इतिहास म्हटला की कुलवृत्तांत, सनदा आणि तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या आपल्या डोळ्यांपुढे येतात. दिल्लीत पहाडगंजसारख्या वस्तीत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबाला मूळ गावाचा धागा हवा असला, तर तेही याच साधनांकडे वळते. परंतु ज्यांच्यापाशी ना वतन होते ना सनद, त्यांच्या पूर्वजांची नावे कोणी लिहून ठेवली? श्रोतेहो, या प्रश्नाचे एक उत्तर ख्रिस्ती उपासनामंदिरांच्या नोंदवह्यांत मिळते.

इंग्लंडातील मेथॉडिस्ट पंथाचे उदाहरण पाहू. १७५४ पासून १८३७ पर्यंत तेथे ज्यू व क्वेकर वगळता सर्वांना विवाह राजमान्य चर्चमध्येच करावा लागे. म्हणून मेथॉडिस्ट वह्यांत त्या काळचे बाप्तिस्मे सापडतात, विवाह सहसा सापडत नाहीत. शिवाय एकेका धर्मोपदेशकाकडे अनेक गावांचा फिरता हलका असे आणि नोंद पुष्कळदा हलक्याच्या मुख्य ठाण्याच्या वहीत होई. तेव्हा वहीवरचे गाव हेच कुटुंबाचे गाव, असे धरून चालणारा संशोधक फसतो.

महाराष्ट्रात अमेरिकन मराठी मिशनचे कार्य अहमदनगरला १८३१ मध्ये सुरू झाले. मेथॉडिस्ट धर्मोपदेशक विल्यम टेलर मुंबईत आले ते त्यानंतर काही दशकांनी. नगर जिल्ह्यातील नवख्रिस्ती कुटुंबांत महार व मांग समाजांतील कुटुंबे पुष्कळ होती. अशा कित्येक घरांच्या बाबतीत पूर्वजांचे, विशेषतः स्त्रियांचे, नाव प्रथम कागदावर आले असेल तर ते अशा वहीतच. पुढे १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने विवाहांची नोंद ठेवणे व तिचे उतारे सरकारी निबंधकाकडे धाडणे बंधनकारक केले. मूळ वही वाळवीने खाल्ली, तरी सरकारी दप्तरात शोध घेण्याची वाट त्यामुळे उरते.

मात्र या वह्या डोळसपणे वाचाव्या लागतात. बाप्तिस्म्याची तारीख ही जन्मतारीख नव्हे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा जन्म १८६१ चा, बाप्तिस्मा १८९५ चा. लक्ष्मीबाईंनी दीक्षा घेतली ती त्यानंतर काही वर्षांनी. अशा दोन तारखांमध्ये पती-पत्नींची केवढी ताटातूट सामावली होती, हे नोंदवही सांगणार नाही. त्यासाठी ‘स्मृतिचित्रे’च उघडावी लागतात. वही केव्हा, कोठे आणि कोण एवढेच सांगते. का, ते सांगत नाही.

तरीही ते ‘कोण’ मोलाचे आहे. कुलवृत्तांत कुळाच्या अभिमानातून लिहिले गेले. या वह्या निव्वळ कामकाजाची गरज म्हणून लिहिल्या गेल्या. म्हणूनच त्यांत राजाश्रय नसलेली, कीर्ती नसलेली माणसे नावानिशी उभी आहेत. दमट कपाटांत पडलेली ही पाने वेळीच जपली नाहीत, तर त्या माणसांच्या वंशजांना आपल्या पणजीचे नाव शोधायला दुसरे दार उरणार नाही.