मूव्हिओला: दिवाणखान्यासाठी घडलेलं, कटिंग रूममध्ये रुजलेलं

सिनेमाच्या संकलनाचं जगातलं सर्वांत नावाजलेलं यंत्र मुळात संकलकांसाठी बनलंच नव्हतं.

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आयवान सेरूरिअर या डच वंशाच्या विद्युत अभियंत्याला १९१७ साली एक कल्पना सुचली. अमेरिकेतल्या सुखवस्तू घरांत तेव्हा व्हिक्ट्रोला हा लाकडी कपाटात बसवलेला ग्रामोफोन दिमाखात उभा असे. गाणं घरबसल्या ऐकता येतं, मग सिनेमाही घरबसल्या का पाहू नये? त्याने तशाच देखण्या कपाटात प्रोजेक्टर बसवला आणि ‘मूव्ही’ला ‘व्हिक्ट्रोला’चं शेपूट जोडून त्याचं नाव ठेवलं मूव्हिओला. किंमत ठेवली ६०० डॉलर. विसाच्या दशकात फोर्डची मॉडेल टी मोटार त्याहून कमी पैशांत दारात येई. मूव्हिओलाची गिऱ्हाइकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच निघाली.

नाव अचूक, यंत्र उत्तम, पण माल खपेना. अशा वेळी हॉलिवूडचा नट डग्लस फेअरबँक्स याच्या स्टुडिओतल्या एका संकलकाने सेरूरिअरला सुचवलं, की हे आमच्या कामाचं करून द्या. सेरूरिअरने प्रोजेक्टर उलटा केला, पडद्यावर चित्र फेकणाऱ्या भिंगाच्या जागी डोळा लावून पाहायचं भिंग बसवलं आणि फिल्म फिरवायला दांडा लावला. १९२४ साली पहिला नग गेला तो फेअरबँक्सकडेच. या शोधाचं निम्मं श्रेय त्या संकलकाला द्यायला हवं. यंत्र सेरूरिअरचं खरं, पण त्याची खरी जागा ओळखली ती त्याने.

अशा यंत्राविना संकलकांची अडचण किती मोठी होती, हे आधीच्या संकलकांचे हात पाहिल्याशिवाय कळत नाही. कात्री, भिंग, फिल्म गुंडाळायच्या दोन चकत्या आणि मागून उजेड टाकलेली काच एवढीच त्यांची अवजारं. फिल्म उजेडावर धरायची, बोटांमधून सरकवत न्यायची आणि नट वळतो कुठे, हात उचलतो कुठे, हे स्थिर चित्रांवरून ताडायचं. मग कापायचं, कडेचा थर खरवडायचा, फिल्म जोडायचं सिमेंट लावून दोन तुकडे चिकटवायचे. आपण केलेला कट चालतो की नाही, हे पडद्यावर दाखवल्याखेरीज समजत नसे. १९१५ साली दिग्दर्शक ग्रिफिथकडे तुकडे जोडण्याच्या कामावर लागलेली मार्गारेट बूथ अशाच सवयीतून तयार झाली आणि पुढे एमजीएम स्टुडिओच्या संकलन विभागाची सर्वेसर्वा बनली. आपल्याकडेही सिनेमाचा आरंभ असाच हातांनी झाला. ‘राजा हरिश्चंद्र’साठी कोऱ्या फिल्मच्या कडांना भोकं पाडण्याचं काम सरस्वतीबाई फाळके रात्री काळोखात बसून करत.

मूव्हिओलाने या हातांना डोळा दिला. कट करायच्या जागी चित्र हलताना दिसू लागलं. दांडा सावकाश फिरवा, चित्र सावकाश चालतं. उलटा फिरवा, मागे जातं. पुढे दांड्याच्या जागी मोटार आली आणि वेग पायाच्या पॅडलवर गेला. दोन्ही हात फिल्मसाठी मोकळे झाले.

खरी कसोटी लागली ती बोलपट आल्यावर. चित्राची पट्टी वेगळी, आवाजाची वेगळी. मूव्हिओलाला आवाजाचं वेगळं डोकं जोडलं गेलं आणि दोन्ही पट्ट्या एका दांड्याने बांधून बरोबरीने पळू लागल्या. संकलकाचा सहायक सकाळी रशेस, म्हणजे ताज्या चित्रीकरणाच्या फिल्म, घेऊन बसे तेव्हा पहिलं काम क्लॅपचं. चित्रात क्लॅपची पट्टी नेमकी ज्या फ्रेमवर मिटते तिथे मेणाच्या पेन्सिलीने फुली मारायची. मग आवाजाची पट्टी डोक्याखालून हाताने पुढेमागे ओढत तो ‘ठक्’ शोधायचा आणि तिथेही फुली. दोन्ही फुल्या एका रेषेत आणून यंत्र सुरू करायचं. सेकंदाला २४ फ्रेम आणि एका फुटात १६, म्हणजे मिनिटाला ९० फूट फिल्म. दोन-तीन फ्रेमांची चूक झाली, तरी नटाचे ओठ आणि शब्द एकमेकांशी भांडू लागत.

यंत्र गोंगाटी होतं. चित्राच्या डोक्यातलं माल्टीज क्रॉसचं चाक फिल्मला सेकंदाला २४ धक्के देई, त्यामुळे खोलीत शिलाई मशीन चालल्यासारखी खटखट सतत असे. धक्का चुकला की फिल्म फाटे. हॅम्बुर्गच्या स्टीनबेकचं आडवं टेबल त्या मानाने शांत. त्यात फिरतं प्रिझम होतं आणि फिल्म सरळ वाहत राही. पण मूव्हिओलाला उभ्याने काम करता येई. शिवाय प्रत्येक शॉटची सुटी गुंडाळी हाताशी असल्याने हवा तो शॉट चटकन लावता येई. स्पीलबर्गचा संकलक मायकेल कान २००५च्या ‘म्युनिक’च्या वेळीही फिल्मच कापत होता, ते हट्टापायी नव्हे. हाताला लागलेलं वळण आणि यंत्राची शिस्त यांचं मोल तो ओळखून होता.

सेरूरिअरच्या घरात दुसरी एक हकिगत घडली. मुलगा मार्क कॅलटेकमधून शिकला. पालोमार पर्वतावरच्या २०० इंची हेल दुर्बिणीचा सांगाडा तिरका झाला तरी तिचे आरसे एका रेषेत राहावेत, अशी तुळयांची रचना त्याने १९३५ साली केली. खगोलशास्त्रात ती आजही ‘सेरूरिअर ट्रस’ म्हणून ओळखली जाते. हाच मार्क १९४६ साली वडिलांच्या कारखान्यात आला आणि १९६६ साली तो विकेपर्यंत त्याने मूव्हिओला सुधारत नेलं. १९७९च्या ऑस्कर पुरस्कारांत त्याचा गौरव झाला, तेव्हा मानपत्रात वडिलांच्या १९२४च्या शोधाचा उल्लेख आवर्जून होता.

१९८९ साली संगणकावर संकलन करायचं अ‍ॅव्हिड बाजारात आलं. ‘द इंग्लिश पेशंट’साठी वॉल्टर मर्चला १९९७ साली मिळालेलं संकलनाचं ऑस्कर हे संगणकावर संकलित चित्रपटाला मिळालेलं पहिलं. यंत्र मागे पडलं, तरी त्याच्या खोलीतला एक शब्द टिकला. मूव्हिओलाच्या शेजारी कापडी पिशवी लावलेली एक चौकट असे. तिच्या खिळ्यांवर फिल्मचे तुकडे टांगलेले असत आणि तिला बिन म्हणत. आज संगणकावर शॉट ज्या खणात ठेवतात, त्यालाही संकलक बिनच म्हणतात.

मुंबई-पुण्यात एखाद्या जुन्या स्टुडिओच्या माळ्यावर हिरव्या रंगाचं, उंच पायांचं, धूळ खात पडलेलं यंत्र दिसलं, तर ते वजनावर भंगारात घालू नका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला आधी एक फोन करा.