आवाजाची जागा : खासबागेपासून बारा फुटी खोलीपर्यंत

घरातील दहा-बारा फुटांच्या खोलीत चित्रपट पाहण्याची सोय करावी, पडद्याच्या अंगास तीन आणि श्रोत्याच्या दोन्ही बाजूंस एकेक स्पीकर मांडावा, ही हौस अलीकडे कोल्हापुरातही चांगली रुजली आहे. परंतु आवाज कोणत्या दिशेने यावा, समोरून किती आणि सभोवतालून किती, या प्रश्नाचा विचार या नगरीत विजेचे उपकरण येण्याच्या कितीतरी आधी, संस्थानी अमदानीतच, दगडमातीच्या इमारतींमधून झालेला आहे, आणि त्या विचाराकडे पाठ फिरवून आज जो तो भिंतीला भोके पाडत सुटला आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त 1902 साली छत्रपती शाहू महाराज विलायतेस गेले, त्या प्रवासात रोम येथील प्राचीन क्रीडागार त्यांच्या दृष्टीस पडले, आणि परत आल्यावर त्या धर्तीचे कुस्त्यांचे मैदान आपल्या राजधानीत उभारण्याची तजवीज त्यांनी केली. खासबाग मैदान 1912 साली सिद्ध झाले. त्याला लागूनच 1913 मध्ये पॅलेस थिएटरचा पाया घातला गेला व 1915 मध्ये ते नाट्यगृह खुले झाले. एकाच राजाच्या आज्ञेने, तीन-चार वर्षांच्या अवधीत, एकमेकांना पाठ लावून उभ्या राहिलेल्या या दोन वास्तू ध्वनीच्या दृष्टीने मात्र परस्परांच्या अगदी उलट आहेत. खासबागेत आखाडा मधोमध आणि लोक चोहोंकडे. हलगीचा कडकडाट सुरू झाला, कुणी पैलवानाने पट काढला की उठणारा गलका लाल मातीत उभ्या असलेल्या माणसावर सर्व बाजूंनी कोसळतो. नाट्यगृहात याच्या विपरीत: सहस्र कान एकाच दिशेला लागलेले, आणि त्यांच्यापर्यंत पोहोचणारा शब्द एकाच ठिकाणाहून, नटाच्या मुखातून, निघालेला.

त्या काळी ध्वनिवर्धक नव्हता. नटाच्या कंठाला साहाय्य व्हायचे ते केवळ वास्तूचे. दृष्टीआड येणारे खांब टाळून केलेली प्रेक्षागाराची रचना आणि लाकडी रंगमंचाखाली मुद्दाम राखलेली पोकळी, यांमुळे शेवटच्या रांगेतही पद स्वच्छ ऐकू येई, अशी जुन्या रसिकांची ग्वाही आहे. ज्यांनी 1908 साली ‘ललितकलादर्श’ मंडळी स्थापन केली आणि ज्यांचे नाव पुढे या नाट्यगृहास दिले गेले, ते केशवराव भोसले याच नगरीचे. तारसप्तकात लीलया फिरणारा त्यांचा आवाज हा मराठी संगीत रंगभूमीचा अभिमान होता, आणि अशा आवाजाला साजेसे घर बांधण्याची दृष्टी राजाकडे होती, हे कोल्हापूरचे भाग्य. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येस, ही वास्तू अग्नीच्या भक्ष्यस्थानी पडली, तेव्हा गावातील कित्येक माणसे रस्त्यात उभी राहून रडली.

सभोवतालच्या ध्वनीचा सूक्ष्म धडा मात्र बैठकीने दिला. अल्लादियाखाँ साहेब शाहू महाराजांच्या दरबारी होते आणि देवल क्लबासारख्या संस्थेने गाणे ऐकण्याची शिस्त या शहराला लावली, हे सर्वश्रुत आहे. बैठकीत गवयाच्या मागे दोन तंबोरे झंकारत असतात. श्रोता त्यांच्याकडे पाहत नाही, त्यांना दाद देत नाही, पण ते थांबले तर गाणे उघडे पडते. चित्रपटातील सभोवतालच्या स्पीकरांचे काम नेमके हेच आहे, आणि त्याहून अधिक काही करण्याचा अधिकार त्यांना नाही.

1 जून 1929 रोजी कोल्हापुरात ‘प्रभात’ची स्थापना झाली आणि 1932 मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा तिचा पहिला बोलपट पडद्यावर आला. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे, संगीत आणि हरिश्चंद्राची भूमिका गोविंदराव टेंबे यांची, तारामती दुर्गा खोटे, आणि ध्वनिलेखनाची जोखीम विष्णुपंत दामले यांच्या शिरावर. पार्श्वगायनाची सोय तोवर झालेली नव्हती. चित्रण चालू असतानाच नटाने गावयाचे, साथीदारांनी चौकटीबाहेर राहून वाजवावयाचे, आणि मायक्रोफोन कुठे लपवावा म्हणजे शब्दही स्पष्ट येईल व साथही त्याला झाकणार नाही, याचा निर्णय दामल्यांनी करावयाचा. नटाला पावले टाकण्याची मोकळीक किती, हेही त्या एका यंत्रावर अवलंबून असे. योगायोग असा, की इकडे ही धडपड चालू असतानाच, डिसेंबर 1931 मध्ये, तिकडे लंडनमध्ये ॲलन ब्लमलाइन नावाच्या अभियंत्याने द्विमार्गी ध्वनीच्या एकस्वासाठी अर्ज दाखल केला. नट पडद्याच्या एका टोकाला आणि त्याचा आवाज भलतीकडूनच, ही बोलपटाची विसंगती त्याला खटकली होती, असे सांगतात.

पुढची हकीकत थोडक्यात सांगता येईल. छिद्रे पाडलेल्या पडद्यामागे कर्णे बसले, 1940 साली डिस्नेच्या ‘फँटेशिया’ने प्रेक्षागाराच्या भिंतींतूनही ध्वनी खेळवून पाहिला, 1992 मध्ये पाच अधिक एक मार्गांची डॉल्बी डिजिटल पद्धती चित्रगृहांत आली, आणि काही वर्षांतच ती डीव्हीडीच्या तबकडीवर स्वार होऊन घराघरांत शिरली.

घोटाळा झाला तो इथे. मोठ्या चित्रगृहात बाजूच्या व मागच्या भिंतींवर स्पीकरांची रांग लागते, कारण शेकडो आसनांना तो ध्वनी सारखा वाटून द्यावयाचा असतो. लहान खोलीत आसन एकच, आणि भिंत हाताच्या अंतरावर. वायरमन येतो, कोच मागच्या भिंतीला टेकलेला पाहतो, आणि वायर दिसू नये म्हणून दोन्ही स्पीकर मागच्या कोपऱ्यांत छताला चिकटवून जातो. मग चित्रपटातला पाऊस खोलीभर न पडता कपाटावरून गळू लागतो. ध्वनीला एक फूट जाण्यास सेकंदाचा साधारण हजारावा भाग लागतो आणि कान जो आवाज आधी पोहोचेल त्याच्याच दिशेला उगम मानतो. त्यामुळे डोक्याशी आलेला स्पीकर पडद्यावरून लक्ष ओढून घेतो. जुन्या पेठांतील घरांच्या सोप्यात मातीच्या जाड भिंती आणि लाकडी तक्तपोशी होती, तिथे आवाज आपोआप मुरत असे. आजच्या गुळगुळीत फरशीच्या, काचेच्या सरकत्या खिडक्यांच्या सदनिकेत तो उसळी घेत राहतो.

तेव्हा माझा अभिप्राय स्पष्ट आहे. कोच मागच्या भिंतीपासून निदान दोन फूट पुढे घ्यावा. सभोवतालचे दोन स्पीकर मागच्या भिंतीवर नव्हे तर बाजूंच्या भिंतींवर, कानाच्या रेषेच्या किंचित मागे आणि बसल्या कानाहून सुमारे दोन फूट उंच लावावेत. प्रत्येकाचे अंतर फीत धरून मोजावे आणि तेच यंत्रात भरावे, म्हणजे जवळच्या स्पीकरला यंत्र आपण होऊन थांबवून धरते. खाली जाड सतरंजी, खिडकीला वजनदार पडदा. बारा फुटी खोलीत एवढी व्यवस्था पुरते. याहून जास्त स्पीकर विकत घेण्याचे काहीच प्रयोजन नाही.