शोक, संकेत आणि मताधिकार : तासगावची पोटनिवडणूक, २०१५

लोकप्रतिनिधीच्या निधनाने रिक्त झालेली जागा त्याच्याच कुटुंबातील व्यक्तीकडे जावी आणि विरोधकांनी तीत अडथळा आणू नये, हा संकेत महाराष्ट्राच्या ग्रामीण राजकारणात दीर्घकाळ परिचित आहे. कराड-मलकापूरच्या परिसरास कुटुंबांतर्गत उत्तराधिकाराचे उदाहरण फार पूर्वीच मिळाले होते. दाजीसाहेब चव्हाण यांच्या निधनानंतर कराड लोकसभा मतदारसंघातून १९७३ साली त्यांच्या पत्नी प्रेमलाकाकी चव्हाण निवडून आल्या. या संकेताचे स्वरूप तपासण्यास शेजारच्या सांगली जिल्ह्यातील तासगाव-कवठे महांकाळ विधानसभा मतदारसंघाची २०१५ सालची पोटनिवडणूक विशेष उपयुक्त ठरते.

अंजनी गावचे रा. रा. पाटील, म्हणजेच आर. आर. पाटील, १९९० पासून सलग सहा वेळा विधानसभेवर निवडून आले होते. ऑक्टोबर २०१४ मधील शेवटच्या निवडणुकीत भारतीय जनता पक्षाच्या अजितराव घोरपडे यांच्यावर त्यांचे मताधिक्य सुमारे २२ हजारांचे होते. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. राष्ट्रवादी काँग्रेसने त्यांच्या पत्नी सुमनताई यांना उमेदवारी दिली. भाजप, शिवसेना व काँग्रेस या पक्षांनी उमेदवार उभे केले नाहीत. तथापि अपक्षांमुळे निवडणूक बिनविरोध होऊ शकली नाही व ११ एप्रिल रोजी मतदान झाले. सुमनताईंचे मताधिक्य १,१२,९६३ इतके भरले.

या आकड्याचा अर्थ लावताना सावधगिरी आवश्यक आहे. सहा महिन्यांत पक्षाचे बळ पाचपट झाले, असे त्यावरून म्हणता येणार नाही. दिवंगत नेत्याविषयीचा जिव्हाळा त्यात आहे, यात शंका नाही. परंतु प्रबळ प्रतिस्पर्ध्याचा अभावही त्यात तितकाच आहे. या दोहोंचे प्रमाण वेगळे काढण्याचे साधन मात्र मतमोजणीत नसते.

हा संकेत सर्वत्र सारखा पाळला जातो, असेही नाही. त्याच दिवशी मुंबईत वांद्रे (पूर्व) येथे पोटनिवडणूक होती. तेथेही आमदार बाळा सावंत यांचे निधन झाले होते आणि शिवसेनेने त्यांच्या पत्नी तृप्ती यांनाच उमेदवारी दिली होती. परंतु काँग्रेसने माजी मुख्यमंत्री नारायण राणे यांना उभे केले आणि राष्ट्रवादी काँग्रेसने त्यांना पाठिंबा दिला. तृप्ती सावंत १९,००८ मतांनी विजयी झाल्या. म्हणजे तासगावी ज्या पक्षास संकेताचा लाभ झाला, त्याच पक्षाने वांद्र्यास तो बाजूस ठेवला. शोकाचा मान राखणे ही केवळ सौजन्याची बाब नसून जय-पराजयाचा हिशेबही त्यामागे असतो, हे यावरून दिसते.

पलूस-कडेगाव येथे हा संकेत शेवटास गेला. पतंगराव कदम यांच्या निधनानंतर मे २०१८ मध्ये भाजपचे संग्रामसिंह देशमुख यांनी माघार घेतली व विश्वजित कदम बिनविरोध निवडून आले. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ५३ नुसार, जागेइतकेच उमेदवार उरल्यास मतदान होत नाही. अर्थात २०१३ साली मतदारास मिळालेला 'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्यायही तेथे निरुपयोगी ठरतो. पुढे २०१९ च्या सार्वत्रिक निवडणुकीत याच मतदारसंघात कदम प्रचंड मतांनी विजयी झाले. परंतु दुसऱ्या क्रमांकाची २०,६३१ मते कोणा उमेदवारास नव्हे, तर या पर्यायास पडली. २०२४ मध्ये देशमुख प्रत्यक्ष रिंगणात उतरले, तेव्हा कदमांचे मताधिक्य सुमारे ३० हजारांवर आले. विरोधी मत नष्ट झालेले नव्हते. त्याला उमेदवार नव्हता.

कवठे महांकाळसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात म्हैसाळ, टेंभू या उपसा सिंचन योजनांचे पाणी हा जीवनमरणाचा प्रश्न आहे. त्याचा जाब उमेदवारास गावोगाव द्यावा लागतो, तो लढतीमुळेच. तासगावची जागा रिक्त झाली तेव्हा विधानसभेची साडेचार वर्षांहून अधिक मुदत शिल्लक होती. मृताविषयीचा आदर काही दिवसांचा असतो, प्रतिनिधित्व मात्र पूर्ण मुदतीचे. यास्तव अशा पोटनिवडणुकांतील मताधिक्याकडे जनमताचा कौल म्हणून पाहण्यापूर्वी मतदारापुढे निवड कितपत होती, हे अभ्यासकाने प्रथम पाहिले पाहिजे.