जाब, जबाब आणि जबाबदार राज्यपद्धती : करवीर संस्थानातील सार्वजनिक जीवनाचा एक विचार

कोल्हापूरहून पुण्याच्या रस्त्याने पंचगंगेचा पूल ओलांडला की शिरोली लागते. आज हे गाव औद्योगिक वसाहतीमुळे आणि तेथील ओतकामाच्या कारखान्यांमुळे सर्वांस परिचित आहे. अशा गावच्या ग्रामसभेत एखादा खातेदार उठून सरपंचाला जाब विचारतो, तेव्हा त्यात कोणालाही नवल वाटत नाही. तथापि भाषेच्या अभ्यासकास येथे क्षणभर थांबणे प्राप्त आहे. संस्थानी अमदानीतील कचेऱ्यांत जाब विचारणे हा वरच्याने खालच्याशी करावयाचा व्यवहार होता. मामलेदाराने पाटलास विचारावे, पाटलाने रयतेस विचारावे आणि खालच्याने जबाब द्यावा, ही रीत. विचारणारा आणि विचारला जाणारा यांच्या जागा पुढे कशा बदलल्या, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

'जाब' हे 'जबाब' या अरबी मूळ असलेल्या शब्दाचेच आकुंचित रूप होय. त्याला फारसी 'दार' जोडून 'जबाबदार' हा शब्द सिद्ध होतो. जबाबदार म्हणजे ज्याच्याकडे उत्तर देण्याचे काम आहे तो. तेव्हा कोणत्याही राज्यव्यवस्थेविषयी पहिला प्रश्न असा की, तीत उत्तर कोणी द्यावयाचे आणि कोणाला?

इंग्रजी अमदानीतील हिंदुस्थानात या प्रश्नाची दोन उत्तरे होती, आणि मराठीने त्यांना दोन नावेही दिली होती : 'खालसा मुलूख' आणि 'संस्थानी मुलूख'. देशाच्या सुमारे दोनपंचमांश भूभागावर संस्थाने होती. तेथे गादी देशी राजाची, परंतु सार्वभौम सत्ता इंग्रजांची. करवीर राज्याचा इंग्रजांशी १८१२ साली तह झाला आणि मालवण त्यांच्या हाती गेले. पुढील तहांनी राज्याचे स्वातंत्र्य उत्तरोत्तर आकुंचित होत गेले.

या दुहेरी व्यवस्थेचे खरे स्वरूप १८४४ साली उघड झाले. राजपुत्र अल्पवयीन असल्यामुळे इंग्रजांनी दाजी कृष्ण पंडित यांस कारभारावर नेमले होते. गडकऱ्यांच्या वंशपरंपरेच्या चाकरीच्या जमिनी मामलेदारांच्या देखरेखीखाली आणण्याचा त्यांनी यत्न केला, तेव्हा सामानगड आणि भुदरगड येथील गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. बंड पन्हाळ्यापर्यंत पसरले. कर्नल ओव्हान्स हा इंग्रज अधिकारी बंडवाल्यांच्या हाती सापडला. अखेर तोफांनी किल्ले घेण्यात आले आणि कोल्हापुरावर पोलिटिकल सुपरिंटेंडंट नेमला गेला. या बंडाकडे केवळ जुन्या सरंजामी हक्कांचा हट्ट म्हणून पाहणे अपुरे होईल. गडकऱ्यांचे दुखणे असे की, त्यांची जमीन ज्याच्या हुकमाने जात होती तो कारभारी त्यांना उत्तर देण्यास बांधलेला नव्हता. त्याचा जबाब जात होता तो इंग्रज अधिकाऱ्याकडे. शब्दाने विचारण्याची सोय नव्हती, म्हणून त्यांनी दरवाजे लावून विचारले.

१८६२ च्या तहाने छत्रपतींना अधिकार परत मिळाले, पण महत्त्वाच्या सर्व बाबतींत इंग्रज सरकारच्या सल्ल्याप्रमाणे वागण्याचे बंधन राहिले. 'सल्ला' हा शब्द येथे हुकमाचे सौजन्यपूर्ण रूप आहे, हे सांगण्याची आवश्यकता नाही. या व्यवस्थेत वृत्तपत्राने प्रश्न विचारला तर काय होते, हे १८८२ साली दिसून आले. तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांचा छळ होत असल्याच्या वार्तांनी महाराष्ट्र अस्वस्थ झाला होता. १८८१ साली निघालेल्या 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांनी कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर आरोप केले. ज्या पत्रांच्या आधारे ते केले होते, ती अस्सल असल्याचे सिद्ध करता आले नाही, आणि टिळक व आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. संपादकांचा पुरावा चुकला होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु खरा पुरावा दप्तरात होता, आणि दप्तर उघडावयास लावण्याचा अधिकार रयतेस नव्हता, संपादकांसही नव्हता. २५ डिसेंबर १८८३ रोजी ते अभागी छत्रपती अहमदनगर येथे इंग्रज शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर मरण पावले. जेथे जबाब मागता येत नाही, तेथे अफवा हीच सार्वजनिक चर्चेची भाषा होते.

राजर्षी शाहू छत्रपतींनी २ एप्रिल १८९४ रोजी अधिकार हाती घेतले आणि या इतिहासाला निराळे वळण लागले. २६ जुलै १९०२ च्या गॅझेटातील हुकमाने रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी निदान शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्यात आल्या. त्या हुकमातील एका कलमाकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते : प्रत्येक खातेप्रमुखाने नेमणुकांचे तिमाही पत्रक सादर करावे. येथेही जबाब वरच जातो. मात्र तो रयतेच्या वतीने मागितला जात आहे. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. १९१८ साली कुलकर्णी वतन बंद होऊन पगारी तलाठी आला. गावचे दप्तर ज्या घराण्याच्या हाती पिढ्यानुपिढ्या होते, त्याला रयत काय विचारणार? वतनदारास काढता येत नाही. नोकरास काढता येते. हा भेद लहान नव्हे.

असे असले तरी हे सर्व हुकमाने झाले, ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. हुकूम देणारा थोर होता म्हणून हुकूमही थोर झाला. परंतु जे हुकमाने मिळते ते हुकमाने जाऊही शकते. हे शाहू छत्रपतींस उमगले नव्हते असे म्हणवत नाही. आज शिरोली ज्या हातकणंगले तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील माणगाव येथे २१ आणि २२ मार्च १९२० रोजी बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. डॉ. आंबेडकर अध्यक्ष होते आणि छत्रपती स्वतः उपस्थित होते. अस्पृश्यांनी आपला पुढारी आपल्यातूनच निवडावा, या मताला त्यांनी तेथे उघड पाठिंबा दिला. राजाने प्रजेस स्वतःचा आवाज शोधण्यास सांगावे, हा संस्थानी इतिहासातील असामान्य प्रसंग होय.

तो आवाज संघटित झाला तो १९३९ साली, माधवराव बागल व रत्नाप्पा कुंभार यांच्या प्रजापरिषदेच्या रूपाने. शेतसाऱ्याची तक्रार जुनीच होती. नवी होती ती 'जबाबदार राज्यपद्धती'ची मागणी. त्याच वर्षाच्या जानेवारीत औंधच्या राजांनी आपल्या छोट्या संस्थानात तशी राज्यघटना जाहीर केली होती, त्यामुळे ही गोष्ट अशक्य आहे असे म्हणण्याची सोय उरली नव्हती. 'अर्ज'ऐवजी 'मागणी' आणि 'रयत'ऐवजी 'प्रजा' हे शब्दांतर येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. अर्जदार कृपेची अपेक्षा करतो. मागणारा हक्क गृहीत धरतो. आणि 'जबाबदार' या विशेषणाने जबाबाची दिशाच उलटी केली : आता उत्तर वरच्याने खालच्यास द्यावयाचे होते.

१ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. हा करार छत्रपती आणि भारत सरकार यांच्यात झाला. प्रजेचे मत त्यावर घेतले गेले नाही. ज्या निर्णयाने प्रजा नागरिक झाली, तो निर्णयही तिला विचारून झाला नाही. मतपेटी तिच्यासमोर आली ती १९५१-५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत.

संस्थानी सार्वजनिक जीवनाचे मूल्यमापन करताना आपण बहुधा राजा चांगला की वाईट, एवढेच विचारतो. करवीरचा इतिहास असे दाखवितो की हा प्रश्न दुय्यम आहे. चांगल्या राजाने रयतेचे अपार कल्याण केले, हे निर्विवाद. पण ते टिकाऊ होण्यास प्रश्न विचारणारा माणूस तयार व्हावा लागला, आणि तो घडण्यास शंभर वर्षे लागली. ग्रामसभेत उठणाऱ्या त्या खातेदारास हे ठाऊक असेलच असे नाही. परंतु त्याच्या तोंडचा 'जाब' हा शब्द त्याला फुकट मिळालेला नाही, हे निदान आपण अभ्यासकांनी तरी विसरू नये.